कणकुंबीची दलदल

गतवर्षी पावसाळा सरता सरता अनगोळच्या काही तरुणांसह आम्ही कणकुंबीच्या डोंगरावर पायी गेलो. धुके दाटताच वडीलकीच्या तोऱ्यात आम्ही आडवाट धरली आणि सखल दलदलीत गुडघाभर रुतलो. पोरांनीच ओढून काढले! त्या भूमीस आम्ही मनसोक्त दूषणे दिली.

रात्री गावात ज्यांच्या ओसरीवर निजलो, ते वृद्ध यजमान म्हणाले, “फादर, ही ओल आहे म्हणून नदी आहे.”

खरेच! सुमारे ७९२ मीटर उंचीवरील याच कणकुंबीस मलप्रभा उगम पावते. पुढे सौंदत्तीजवळच्या रेणुकासागरातून तिचेच पाणी हुबळी-धारवाडकर पितात. पावसाचे पाणी धरून ठेवून ते सावकाश नदीस देणारी भूमी ती हीच.

सकाळी आम्ही मळलेल्या वाटेनेच परतलो. बंधुभगिनींनो, डोंगरी जाल तेव्हा ती ओल तुडवू नका.