हात आमचे, भविष्य त्यांचे?

जे जॅक्सन हे नाव आपल्या चळवळीत कुणी घेत नाही. 'स्वस्त मासिकांतला चित्रकार' म्हटलं की विषय संपतो. आमचं म्हणणं, विषय तिथूनच सुरू होतो.

१९०५ साली ओहायोत जन्मलेला हा काळा चित्रकार 'अमेझिंग स्टोरीज', 'फँटॅस्टिक अ‍ॅडव्हेंचर्स' या विज्ञानकथांच्या पल्प मासिकांत चित्रं काढायचा. कथा इतरांच्या. त्या कथांतल्या भविष्यात काळ्या माणसाला जवळपास जागाच नव्हती. उद्याचं जग रंगवायला काळा हात चालत होता, त्या जगात राहायला काळा माणूस चालत नव्हता! गाव उभारायला आपले हात आणि राहायला गावकुसाबाहेरची जागा, हा हिशोब आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

हाच जॅक्सन काळ्यांच्या स्वतःच्या 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्रात वेगळाच दिसतो. तिथली 'बंगल्टन ग्रीन' ही चित्रमालिका १९२० ची, म्हणजे 'मूकनायक' निघाला त्याच वर्षीची. १९३४ पासून ती जॅक्सनकडे आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने तिची विज्ञानकथा केली. तिची पात्रं गुलामगिरीच्या काळात जातात, वर्णभेद संपलेल्या शंभर वर्षांपुढच्या अमेरिकेत जातात. एका ठिकाणी हिरव्या कातडीचे लोक गोऱ्यांना तसंच वागवतात, जसं गोरे काळ्यांना वागवत. हात तोच, कुंचला तोच. बदलली ती पानाची मालकी!

काहीजण म्हणतील, चित्रकथा हा पोरखेळ, चळवळ गंभीर असते. मग आंबेडकरी जलसे काय होते? ग्रंथ पोचले नव्हते त्या वस्त्यांत बाबासाहेबांचा विचार शाहिरांनीच नेला ना?

जॅक्सन १९५४ साली गेला. त्याच्या या विज्ञानकथेचं पुस्तक आलं २०२२ साली. प्रस्थापितांच्या दखलेची वाट पाहायची, तर एवढी वाट पाहावी लागते.

मित्रांनो, आपल्या साहित्याने भोगलेलं जग लिहिलं, ते लिहीत राहावंच लागेल. पण जातिअंताची घोषणा रोज देणाऱ्या आपण जात संपलेला भारत कधी चितारला? तिथली शाळा कशी असेल? तिथली लग्नं कशी जुळतील? तिथलं गटार कोण साफ करेल? हे चित्र आपण काढलं नाही, तर उद्याचा भारतही तेच रंगवतील. आणि त्यात आपली जागा पुन्हा वेशीबाहेरच असेल.

तेव्हा लिहा, काढा आणि आपल्याच पानावर छापा.

जय भीम!