जन्मलं तेव्हा तर गुटगुटीत होतं!

थॅलेसेमियाच्या लेकराची अम्मी हमखास विचारते, "जन्मलं तेव्हा तर गुटगुटीत होतं, मग काही महिन्यांत पांढरंफटक कसं पडलं?" नजर लागली म्हणून ताईत बांधणारेही आम्ही पाहिलेत. खरं कारण रक्तात आहे. पोटातलं बाळ वेगळं हिमोग्लोबिन वापरतं. जन्मानंतर हळूहळू ते बंद होऊन मोठ्यांचं सुरू होतं. या लेकरांत मोठ्यांचं नीट बनतच नाही.

मग पोटातलं हिमोग्लोबिन बंद कोण करतं? बीसीएल११ए नावाचं प्रोटीन. बोस्टनच्या डॉ. स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने २००८ साली दाखवलं की पेशींत हे प्रोटीन कमी केलं की ते जुनं हिमोग्लोबिन वाढतं. पण प्रोटीन जनुकावर नेमकं बसतं कुठे? याचं उत्तर मिळायला आणखी दहा वर्षं गेली. जुनी रीत अशी: रसायनाने प्रोटीन डीएनएला जागच्या जागी चिकटवायचं, डीएनएचे तुकडे करायचे, मग फक्त त्याच प्रोटीनला धरणाऱ्या अँटीबॉडीने हवे ते तुकडे ओढून काढायचे आणि वाचायचे. तुकडे मोठे असल्याने मोहल्ला कळतो, घर नाही.

सिएटलच्या स्टीव्हन हेनिकॉफ यांच्या प्रयोगशाळेतून 'कट अँड रन' ही रीत आली. यात अँटीबॉडीला कापणारं एन्झाइम जोडतात. कॅल्शियम मिळताच ते प्रोटीनच्या दोन्ही बाजूंना डीएनए कापतं आणि छोटासा तुकडा सुटून बाहेर येतो. याच रीतीने २०१८ मध्ये घर सापडलं: जनुक सुरू होण्याआधी सुमारे ११५ अक्षरांवर, टीजीएसीसीए अशी सहा अक्षरं. गंमत म्हणजे काही माणसांत तिथलं एखादं अक्षर जन्मतःच बदललेलं असतं. त्यांचं बाळपणीचं हिमोग्लोबिन मोठेपणीही चालू राहतं.

रक्तपेशींत हेच प्रोटीन कमी करणारा 'कॅसजेवी' हा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, वर आधी कडक केमोथेरपी. आपल्या घरांना ते कुठून झेपणार?

झेपतं ते निकाहआधीचं एचबीए२ तपासणं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका, आणि नात्यातल्या निकाहात दोघं वाहक निघण्याची शक्यता जास्त. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचा अहवाल साफ असेल, तर रिश्ता मोडू नका. त्यांच्या लेकरांना थॅलेसेमिया मेजर होत नाही. निकाह झालेला असेल, सून गरोदर असेल, तर तिच्याबरोबर शोहरचंही रक्त तपासा. बहुतेक घरांत तो 'मला काय झालंय' म्हणून टाळतो.