आधी नवकारशी, मग जिम



पहाटे साडेपाचच्या बॅचला येताना केळं खाऊन या, असं सुनेला जिममध्ये सांगितलं. का म्हणून? नवकारशी येते सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. अर्धा तास चालायला यकृतातली साखर आणि अंगावरची चरबी पुरते. खात्यात शिल्लक असताना उसनवारी कशाला?

पण उलटा हट्टही नको. शेजारीण मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी चालायला गेली आणि दरदरून घाम फुटून रस्त्यातच बसली. याला मी तप म्हणणार नाही. नवकारशीपर्यंत पाणीसुद्धा नसतं. म्हणून गोळी-इन्सुलिन असेल किंवा घाम गाळायचा असेल, तर नवकारशी पाळा, खा आणि तासाभराने व्यायाम करा.

जिमची बॅच बदलून मिळते, सूर्योदय नाही.