बुंधा, बिल आणि बाबा

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची! पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण त्यावरून घरी झालेलं भांडणही मराठीतच झालं.

आमचं घर अकोल्याला. तिथला मे महिना कसा असतो ते विदर्भातल्या मुलांना सांगायला नको. घराच्या पश्चिमेला कडुनिंब होता. पाल्याने गच्चीचा पाइप तुंबतो म्हणून बाबांनी दोन वर्षांपूर्वी तो रीतसर परवानगी काढून कापला. (१९७५ च्या कायद्यानुसार शहरात आपल्या अंगणातलं झाड कापायलाही परवानगी लागते, हे मला तेव्हा कळलं.) राहिला फक्त दोन फुटी बुंधा.

पुढच्या उन्हाळ्यात आजीच्या खोलीत कुलर पुरेना. तिची खोली नेमकी पश्चिमेची. विटांची भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री ती उष्णता आत सोडते. आजी रात्र रात्र बसून काढायची. शेवटी दीड टनाचा एसी आला. आता हिशेब बघा. हा एसी तासाला सव्वा युनिट घेतो असं धरलं तरी रात्रीच्या आठ तासांचे दहा युनिट, महिन्याचे तीनशे! आधीचे दोनशे-सव्वादोनशे मिळवले की पाचशेचा टप्पा पार, आणि वरच्या टप्प्यातल्या युनिटचा दरही वरचाच. बिल बघून बाबा मीटरवर संशय घ्यायला लागले. मी म्हटलं, "बाबा, मीटर बरोबर आहे, झाड नाही." झालं! "इंजिनिअरिंगला घातलं ते हे शिकायला का?"

आता बाबांना तो बुंधाही उपटायचाय, तिथे पेव्हर ब्लॉक बसवायला. माझं स्पष्ट मत आहे की उपटू नये. कडुनिंब बुंध्यापासून पुन्हा फुटतो. आमच्याही बुंध्याला सात-आठ फुटवे आलेत. त्यातला एक सरळ, जोमदार ठेवायचा, बाकीचे छाटायचे. मुळं जुनी, खोल गेलेली, त्यामुळे नव्या रोपापेक्षा तो भराभर वाढतो. आणि पेव्हर ब्लॉक? तो तर भिंतीशेजारी आणखी एक तापणारा तवा!

बुंधा मेलेला असेल, वाळवी लागली असेल किंवा पायाला खेटून असेल तर काढावाच, माझं काही म्हणणं नाही. पण रॉकेल ओतून पेटवू नका, मीठही ओतू नका. त्या मिठाने शेजारचा कढीपत्तासुद्धा जातो. भोवती चर खणायचा, आडवी मुळं कुऱ्हाडीने तोडायची, मग पहारीने हलवायचा. खणण्याआधी अर्थिंगची वायर आणि पाण्याची लाइन कुठून गेलीय ते बघा. जेसीबी दोन मिनिटांत काम करतो, पण अरुंद अंगणात कंपाउंडची भिंतही त्याच दोन मिनिटांत जाते. खड्डा थराथराने माती दाबून भरा, नाहीतर पावसाळ्यात जमीन खचते.

सावली येईपर्यंत काय? आम्ही पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चटई टांगली. आतल्या पडद्याने तेवढा फरक पडत नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. एसी १८ वरून २६ वर आणला आणि सोबत पंखा लावला. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई सांगतं. जुने ७५ वॅटचे चार पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी बसवले. रोज बारा तासांनी महिन्याला ६५ युनिट वाचतात. गुणाकार स्वतः करून बघा, परीक्षेत नाही आला तरी चालेल.

(हॉस्टेलमध्ये मेसला जाताना पंखा चालू ठेवणाऱ्यांत मीही आहे. रेक्टर सरांनी हा परिच्छेद वाचू नये.)

बाबांनी अजून "हो" म्हटलेलं नाही. पण जेसीबीवाल्याला "पावसाळ्यानंतर बघू" असं सांगितलंय, आणि आजी रोज सकाळी चूळ भरायला मुद्दाम त्या बुंध्यापाशी जाते, असं आई फोनवर सांगत होती.