मंडईतील ज्वारी आणि संशोधनाचे माप

पुण्याच्या महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ सालची. तिच्या लगतच्या दुकानांत ज्वारी मागावी तर दुकानदार बहुधा एकच नाव उच्चारतो : मालदांडी. मोहोळ येथे स्थानिक वाणातून निवडलेल्या मालदांडी ३५-१ ची ही पुण्याई होय. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. धान्य वाढले, परंतु ताट बुटके, कडबा थोडा व खोडमाशीचा उपद्रव फार. रब्बीच्या शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही, ह्यात अडाणीपणा नव्हता, हिशेब होता.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाने पुढे तो मानला. हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा, भारी जमिनीस फुले वसुधा असे वाण दिले. जोतीरावांचे नाव मंडईस आणि वाणांसही लाभावे, हा योग मला सुखवितो.

तरीही जमिनीतील ओलीवर तगणाऱ्या ह्या पिकाचा पेरा घटत आला आहे. माझ्या मते त्याचे कारण बियाण्यात कमी व काढणीत अधिक आहे. ताटे हातांनी उपटावयाची, तीही फाल्गुनाच्या उन्हात; त्यास मजूर मिळत नाहीत. कडबा अखंड ठेवून ताट काढणारे, लहान शेतकऱ्यास भाड्याने परवडणारे यंत्र सिद्ध करण्यावर आता नव्या वाणाइतकाच खर्च व्हावयास हवा.