बंदर म्हणजे गोदाम नव्हे

उरणजवळील न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. आपल्यापैकी अनेकांचा माल तेथूनच ये-जा करतो. धक्क्यावरील अजस्र क्रेन जहाजातून कंटेनर उचलते, ट्रेलर तो आवारात नेतो आणि तो कोणत्या रांगेत, कितव्या थरावर ठेवला याची नोंद संगणकात होते. बहुतेक कंटेनर वीस किंवा चाळीस फुटांच्या ठरावीक मापाचे असल्यामुळेच हे काम वेगाने उरकते.

मात्र कंटेनर उतरला म्हणजे माल हाती आला, असे नव्हे. सीमाशुल्क विभागात बिल ऑफ एंट्री दाखल करून शुल्क भरावे लागते. जहाज कंपनी साधारणतः मूळ बिल ऑफ लेडिंग घेतल्यावरच डिलिव्हरी ऑर्डर देते. हे बिल बँकेमार्फत वसुलीसाठी आले असेल, तर रक्कम भरल्याखेरीज किंवा मुदतीची हुंडी स्वीकारल्याखेरीज ते आयातदाराला मिळत नाही.

माझ्या सेवाकाळात सुक्या मेव्याचे एक आयातदार भाववाढीच्या अपेक्षेने बँकेतून बिल सोडवून घेईनात. सवलतीचे दिवस संपले. जागेचे भाडे वेगळे, कंटेनर अडकवल्याचा आकार वेगळा. दोन्ही टप्प्याटप्प्याने चढत गेले. अखेर भाव वाढला खरा, पण त्या आकारांनी नफा गिळून टाकला.

पुढच्या जहाजासाठी बंदराला जागा मोकळी हवी असते. म्हणून जहाज लागण्यापूर्वीच कागदपत्रे आणि पैशांची तजवीज करून ठेवावी. भाववाढीची वाट पाहायचीच असेल, तर ती आपल्या गोदामात पाहावी.