चिखलातली कासवं, चार तास इंग्रजी आणि आपला प्रश्न

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमध्ये शाळकरी मुलं विज्ञान शिकायला पाणथळीवर जातात. सोबत शिक्षक असतात, त्या भूमीची देखरेख करणारे आदिवासी रेंजर असतात आणि गावातली जाणती माणसं असतात. मुलं गोड्या पाण्यातले मासे, कासवं, किडे ओळखतात, त्यांची नावं स्वतःच्या भाषेत शिकतात आणि निरीक्षणं वहीत नोंदवतात. ‘लर्निंग ऑन कंट्री’ या नावाने २०१३ पासून तिथल्या काही शाळा आणि रेंजर मिळून असं शिक्षण देत आहेत. बघणाऱ्याला ही सहल वाटेल. आम्हाला त्यात एक राजकीय प्रश्न दिसतो : वर्गात कोणाच्या ज्ञानाला ज्ञान म्हणायचं, आणि ते कोणी ठरवायचं?

तिथल्या लांब मानेच्या कासवाचंच बघा. कासवं साधारणपणे कोरड्या जमिनीत अंडी घालतात. हे कासव मात्र पाण्याखालच्या चिखलात घालतं. वर पाणी असेपर्यंत अंड्यातली वाढ थांबलेली असते. पाणी आटून चिखल उघडा पडला की ती सुरू होते. संशोधकांनी ही गोष्ट १९९० च्या दशकात शोधनिबंधात मांडली. चिखलात काठी खुपसून कासवं शोधणाऱ्या तिथल्या लोकांना ती आधीपासून माहीत होती. शाळेची पायरीही न चढलेली आजी या विषयातली तज्ज्ञ आहे, आणि पाणथळीवर ती शिक्षिका म्हणून उभी राहते. आपली आजी सरांना शिकवते आहे, हे पाहणाऱ्या मुलाच्या मनातला न्यूनगंड पुस्तकातल्या एखाद्या धड्याने जाईल त्याहून लवकर जातो.

पण ही जागा कोणी दान दिलेली नाही. १७८८ मध्ये इंग्रज वसाहत आली, तेव्हा ऑस्ट्रेलियात २५० हून अधिक भाषा होत्या. २०२० च्या राष्ट्रीय अहवालानुसार त्यांतल्या जेमतेम १२ आज भक्कम आहेत. नॉर्दर्न टेरिटरीत १९७० च्या दशकात द्विभाषिक शाळा सुरू झाल्या आणि १९९८ मध्ये सरकारने त्या गुंडाळण्याची घोषणा केली. २००८ तर विसरू नये असं वर्ष. फेब्रुवारीत पंतप्रधानांनी, आईबापांपासून तोडून नेलेल्या आदिवासी मुलांच्या पिढ्यांची संसदेत माफी मागितली. त्याच ऑक्टोबरमध्ये नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतच, असा नियम जाहीर केला. कारण दिलं गेलं ते चाचण्यांमधल्या कमी गुणांचं. हा नियम जाहीर करणाऱ्या शिक्षणमंत्री मॅरियन स्क्रिमगौर स्वतः आदिवासी होत्या.

म्हणून या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. इंग्रजीशिवाय मुलं मागे पडतील ही काळजी आपल्या वस्तीतही घरोघरी आहे. इंग्रजीने आपल्याला पुढे नेलं आहे. स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत घालून बहुजनांना मातृभाषेचं महत्त्व सांगणारे आपण पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा उपदेश आपण ऐकणार नाही. ‘पारंपरिक ज्ञान’ या शब्दापासूनही आपण सावध असतो, कारण आपल्याकडे परंपरेच्या नावाखाली जातीचा धंदाच गळ्यात मारला गेला.

मात्र आर्नहेम लँडमधल्या यिरकाला गावाने ‘हे की ते’ हा सापळाच नाकारला. १९६३ मध्ये खाणीसाठी जमीन जाऊ लागली, तेव्हा तिथल्या योलंगू लोकांनी झाडाच्या सालीवर चिकटवलेले अर्ज संसदेला पाठवले. ते आपल्या भाषेत आणि इंग्रजीत, दोन्हींत होते. पुढे त्याच गावच्या शाळेचे मुख्याध्यापक झालेले मंदावुय युनुपिंगू ‘गन्मा’ ही योलंगू कल्पना शिक्षणाला लावत. जमिनीवरून येणारं गोडं पाणी म्हणजे आपलं ज्ञान, समुद्राचं खारं पाणी म्हणजे बाहेरचं. दोन्ही मिळतात तिथे नवं काही तयार होतं, पण कोणी कोणाला गिळत नाही. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ मराठीत काढला आणि जगाशी वाद इंग्रजीत घातला, हे माहीत असलेल्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आता आपल्या घरात पाहू. संविधानाचं कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून सोयी करायला राज्यांना सांगतं. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तर २०२२ मध्ये शिक्षण विभागाने तिला अनधिकृत ठरवून नोटीस दिली. गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलाला पहिलीतली मराठीही परकीच असते. त्याच्या बाबतीत मराठी बोलणारे आपण सत्तेच्या बाजूला उभे असतो, याचं भान चळवळीने ठेवायला हवं.

मागणी स्पष्ट असावी : घरची भाषाही आणि दर्जेदार इंग्रजीही. स्थानिक जाणकारांना मानधन, शिक्षक म्हणून मान्यता आणि निर्णयात ग्रामसभेचा शब्द. हे कायद्यात आलं नाही, तर चांगल्यात चांगला उपक्रमही एका परिपत्रकाने बंद पडतो. २००८ ने तेच दाखवलं. आपल्या तालुक्यातल्या आश्रमशाळेत मुलांच्या भाषेत बोलणारे शिक्षक किती आहेत, एवढी माहिती तरी प्रत्येक गटाने या वर्षी मिळवावी. माहितीचा अधिकार हातात आहे. पुढचं आंदोलन त्या आकड्यावर उभं राहील.